भीक द्यावी की देऊ नये?

सिग्नलचा दिवा लाल होतो, गाड्या थांबतात आणि काचेवर टकटक होते. बाहेर कडेवर मूल घेतलेली बाई असते, काठी टेकत आलेला म्हातारा असतो किंवा फडक्याने बॉनेट पुसू लागलेला आठ-दहा वर्षांचा मुलगा असतो. निर्णय घ्यायला अर्धे मिनिटही नसते. कुणी खिशात हात घालतो, कुणी मान फिरवतो, कुणी ‘पुढे जा’ असे म्हणून मोकळा होतो. यांपैकी काहीही केले तरी मनाला थोडी टोचणी राहतेच. दिले तर आपण एखाद्या धंद्याला हातभार लावला की काय ही शंका, आणि न दिले तर खरोखर उपाशी असलेल्याला हाकलले ही रुखरुख. शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला रोज पडणाऱ्या या प्रश्नाला कायद्याची, परंपरेची आणि अर्थकारणाची बाजू आहे. त्या बाजू समजून घेतल्या, तर निर्णय निदान डोळसपणे घेता येईल.

परंपरेतील भिक्षा

मराठी समाजात भिक्षा मागणे हे सरसकट लाजिरवाणे कधीच नव्हते. पहाटे गाणी गात दारोदार फिरणारा वासुदेव, गोंधळी, पोतराज, बहुरूपी, नंदीबैलवाले या साऱ्यांना गावगाड्यात जागा होती आणि त्यांना दिले जाणारे पसाभर धान्य हा त्यांच्या कलेचा मोबदला मानला जाई. गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून शिकत. दानाच्या विचारातही ‘कुणाला, केव्हा व कुठे’ याला महत्त्व होते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता केलेल्या दानाला सात्त्विक म्हटले आहे. ‘सत्पात्री दान’ हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला तो या विचारातूनच.

विसाव्या शतकात महाराष्ट्रात या विषयाला नवे वळण देणारी दोन नावे ठळकपणे समोर येतात. गाडगे महाराजांनी स्वतःसाठी भाकरीपलीकडे काही घेतले नाही. लोकांकडून जमलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळील आनंदवनात कुष्ठरुग्णांच्या हाती भिक्षापात्राऐवजी काम दिले. एकाने मिळालेल्या दानातून संस्था उभ्या केल्या, तर दुसऱ्याने दानाची गरजच संपवण्याचा प्रयत्न केला. भीक देण्याविषयीच्या आजच्या वादातही या दोन दिशा दिसतात.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात भीक मागणे हा गुन्हा आहे. १९४५ च्या मुंबई भिक्षेकरी कायद्याची जागा घेणारा भिक्षा प्रतिबंध अधिनियम १९५९ मध्ये आला. आधी त्याच्या नावात ‘मुंबई’ हा शब्द होता, नंतर तेथे ‘महाराष्ट्र’ आला. हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू करण्यात आला आणि अन्य राज्यांनी आपापले कायदे करताना त्याचाच आधार घेतला.

या कायद्यातील ‘भीक मागणे’ या शब्दांची व्याख्या मुळातून पाहण्याजोगी आहे. सार्वजनिक जागी हात पसरणे हे तर तिच्यात येतेच. पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरती करणे किंवा एखादी वस्तू विकण्याचा बहाणा करून भीक घेणेही येते. जखम, व्यंग किंवा आजार दाखवून पैसे मिळवणे येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उपजीविकेचे दृश्य साधन नसलेली व्यक्ती सार्वजनिक जागी अशा अवस्थेत वावरत असेल की ती भिकेवर जगत असावी असे वाटावे, तर तीही ‘भीक मागणारी’ ठरू शकते. म्हणजे प्रत्यक्ष हात पसरला नाही, तरी केवळ फाटके कपडे आणि डोक्यावर छप्पर नसणे एवढ्यावरून माणूस कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. गावोगाव कला दाखवत हिंडणाऱ्या भटक्या जमातींच्या परंपरागत उपजीविकेलाही या व्याख्येचा फटका बसतो. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने ज्यांतील अनेकांना ‘गुन्हेगार जमाती’ ठरवले होते, त्यांना १९५२ मध्ये तो कायदा रद्द होऊन अवघी सात वर्षे झाली असताना हा नवा शिक्का मिळाला.

पोलिस भिक्षेकऱ्याला वॉरंटाशिवाय ताब्यात घेऊ शकतात. न्यायालयाने संक्षिप्त चौकशी करून ती व्यक्ती भीक मागत होती असे ठरवले, तर तिला किमान एक व कमाल तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. पुन्हा भीक मागणार नाही, असा बंधपत्रावर लेखी कबुलीजबाब घेऊन सोडण्याची तरतूदही आहे. मात्र वारंवार दोषी ठरणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता सोसावी लागू शकते. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यास एक ते तीन वर्षांची शिक्षा आहे. म्हणजे स्वतःच्या पोटासाठी हात पसरणारा पुन्हा पुन्हा सापडला, तर भीक मागायला लावणाऱ्या म्होरक्यापेक्षा अधिक काळ बंदिस्त राहू शकतो!

भिक्षेकरी गृहांत कामाचे प्रशिक्षण मिळावे, अशी कायद्यामागील कल्पना होती. तेथे काम करणाऱ्यांना मिळणारा मोबदला मात्र अनेक दशके महिन्याला पाच रुपये एवढाच होता. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो दिवसाला ४० रुपये करण्याचा निर्णय घेतला.

देणाऱ्यावर गुन्हा?

या कायद्याखाली भीक देणारा गुन्हेगार ठरत नाही. अलीकडे काही शहरांनी मात्र वेगळी वाट धरली आहे. नागपुरात मार्च २०२३ मध्ये पोलिस आयुक्तांनी जमावबंदीच्या कलमाचा आधार घेऊन चौकांत भीक मागण्यावर काही काळ बंदी घातली. मध्य प्रदेशातील इंदूरमध्ये १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यांवरही गुन्हा नोंदवण्याचे प्रशासनाने जाहीर केले आणि त्याच महिन्यात तसा गुन्हा नोंदवलाही गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भोपाळनेही तसाच आदेश काढला. हे आदेश त्या त्या जिल्ह्यापुरते आहेत. मुंबई-पुण्यातील नागरिकाने भिकाऱ्याला दहा रुपये दिले म्हणून भिक्षा प्रतिबंध कायद्याने त्याच्यावर कारवाई होत नाही.

न्यायालयांची भूमिका

८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. माणूस भीक मागतो ते बहुधा दुसरा मार्ग उरला नाही म्हणून, आणि त्याच्या मूलभूत गरजा भागवण्यात कमी पडलेल्या शासनानेच त्याला शिक्षा करणे योग्य नाही, असा या निकालाचा आशय होता. इतरांना भीक मागायला लावणाऱ्यांविरुद्धची तरतूद न्यायालयाने कायम ठेवली. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानेही तेथील कायदा रद्दबातल ठरवला.

जुलै २०२१ मध्ये, करोनाच्या साथीत रस्त्यांवरून भिकाऱ्यांना हटवावे, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने ती मान्य करण्यास नकार दिला. हा सामाजिक-आर्थिक प्रश्न आहे, त्याकडे उच्चभ्रू दृष्टीने पाहता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने बेघरांनीही काम करावे, सारे काही शासनाने पुरवणे शक्य नाही, असे मत व्यक्त केले होते. म्हणजे न्यायव्यवस्थेतही या प्रश्नाचे दोन्ही पैलू मांडले गेले आहेत. दिल्लीचा निकाल महाराष्ट्राला आपोआप लागू होत नाही. येथील कायदा आजही अस्तित्वात आहे.

बेघर आणि भिकारी एकच नव्हेत

२०११ च्या जनगणनेनुसार देशात भिकारी व भटके यांची संख्या ४ लाख १३ हजार ६७० होती. सर्वाधिक, म्हणजे ८१ हजारांहून अधिक, पश्चिम बंगालमध्ये होते. त्याच जनगणनेत बेघरांची संख्या मात्र १७ लाख ७३ हजार होती. मोजणीतील त्रुटी गृहीत धरल्या तरी या दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे. फूटपाथवर झोपणाऱ्यांपैकी कितीतरी जण हमाली करतात, नाक्यावर रोजंदारीसाठी उभे राहतात, लग्नसमारंभात वाढप्याचे काम करतात, भंगार वेचतात. कामाच्या ठिकाणाजवळ परवडणारी खोली मिळत नाही, म्हणून ते रस्त्यावर असतात. उलट, भीक मागणाऱ्यांपैकी काहींना झोपडीचे का होईना, घर असते.

शहरी बेघरांसाठीच्या योजनेचा निकष एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय असलेला एक कायमस्वरूपी निवारा असा आहे. २०११ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने शहरात सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातील संख्या त्याहून फारच कमी आहे. भीक द्यावी की नाही या चर्चेत ही बाजू सहसा येत नाही.

द्यावे की देऊ नये?

न देण्याच्या बाजूचे मुद्दे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. सहज मिळणारा पैसा काहींना कामापासून दूर ठेवतो. काहींच्या बाबतीत तो दारूत किंवा व्हाइटनरसारख्या नशेत जातो. मुलाच्या हाती पडणारे नाणे तर त्याला शाळेपासून आणखी दूर नेते, कारण जोवर मूल कमावते तोवर त्याला सिग्नलवर उभे करणाऱ्याचा फायदा असतो. दुधाच्या पावडरीचा डबा मागायचा आणि दाता गेल्यावर तो दुकानदाराला परत करून पैसे घ्यायचे, असेही प्रकार चालतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चित्रपटांनी रुजवलेली ‘प्रत्येक भिकाऱ्यामागे टोळी’ ही समजूत सरसकट लावता येत नाही. मुलांनी टाकलेले वृद्ध, अपघाताने अपंगत्व आलेला मजूर, मनोरुग्ण, घराने नाकारलेले तृतीयपंथी यांच्यापुढे त्या दिवशी दुसरा पर्याय असतोच असे नाही. गरिबाच्या हाती पैसा दिला की तो व्यसनातच जातो, हे गृहीतकही तपासून पाहिले गेले आहे. कॅनडातील व्हँकूव्हर शहरात काही बेघरांना एकरकमी साडेसात हजार कॅनेडियन डॉलर देऊन वर्षभर त्यांचा मागोवा घेण्यात आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दारू वा अमली पदार्थांवरील खर्च वाढलेला दिसला नाही. बेघर राहण्याचे दिवस मात्र घटले. अर्थात तीव्र व्यसनाधीन व्यक्ती या प्रयोगात नव्हत्या, आणि मोठी एकरकमी मदत व सिग्नलवरचे नाणे यांची बरोबरी होऊ शकत नाही. पाच रुपयांनी एक चहा मिळत असेल. त्याने कुणाचे आयुष्य पालटत नाही आणि बिघडतही नाही.

काय करता येईल?

लहान मुलांना रोख पैसे न देणे, याबाबत बहुतेकांचे एकमत होईल. बालन्याय कायदा, २०१५ नुसार मुलाला भीक मागायला लावणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपये दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत भिकेसाठी मुलाचे अपहरण करणाऱ्यास किमान दहा वर्षे, तर मुलाला अपंग करणाऱ्यास किमान वीस वर्षे कैदेची तरतूद आहे. संशयास्पद काही दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळवता येते. निराधार ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे.

रस्त्यावर भरकटणारी व्यक्ती मनोरुग्ण वाटत असेल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तिला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात नेण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. अशा रुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याचे काम कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने केले आहे. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भुकेल्याला पैशांऐवजी अन्न द्यायचे असेल, तर मुंबईत माहीममधील काही हॉटेलांबाहेरची रीत पाहण्यासारखी आहे. तेथे गरजू रांगेत बसून असतात. दाता गल्ल्यावर पैसे भरतो आणि तेवढ्या माणसांना आत जेवण मिळते. मात्र अन्न देतानाही ‘हवे आहे का?’ एवढे विचारणे बरे. ज्याला औषध हवे आहे, त्याला तिसरा वडापाव देऊन उपयोग नसतो. शक्य असेल त्याने आपल्या भागातील निवाऱ्याला किंवा पुनर्वसनाचे काम करणाऱ्या संस्थेला नियमित मदत करावी. भीक मागणाऱ्यांच्या सर्वंकष पुनर्वसनासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्माइल’ योजना सुरू केली. तिचा लाभ आपल्या शहरात कुणाला मिळतो, हे नगरसेवकाला विचारणे हाही नागरिकाचा हक्क आहे.

कागदपत्रांची मदत तर पैशांहून मोलाची ठरते. पत्ता नसलेल्या माणसालाही मतदार म्हणून नोंदवता येते; तो सांगतो त्या जागी खरोखरच झोपतो का, हे निवडणूक कर्मचाऱ्याने रात्री जाऊन पाहावे, असा नियम आहे. ओळखीचा एक कागद हाती आला, की रेशन, निवृत्तिवेतन आणि रुग्णालयाची वाट थोडी सोपी होते.

रोजच्या वाटेवर रोज दिसणाऱ्या वृद्धेला दहा रुपये देणे हे चूक म्हणता येणार नाही आणि न देणाऱ्याला निर्दय ठरवण्याचेही कारण नाही. द्यायचे नसेल, तर ‘नाही’ म्हणतानाही माणसाकडे माणूस म्हणून पाहता येते. मात्र नाणे देऊन किंवा न देऊन आपली जबाबदारी संपली, असे समजणे चुकीचे ठरेल. निवारे अपुरे आणि कायदा मात्र तीन वर्षे डांबून ठेवणारा, अशी स्थिती आहे. ती बदलण्याचा आग्रह धरणे हे शहरातील प्रत्येकाला शक्य आहे आणि त्यासाठी सिग्नल सुटण्याची घाईही नसते.