व्हॉक्स एसी१५

व्हॉक्स एसी१५ हा इलेक्ट्रिक गिटारसाठी इंग्लंडमध्ये तयार झालेला, सुमारे १५ वॅट शक्तीचा व्हॉल्व्ह विवर्धक (ॲम्प्लिफायर) आहे. विवर्धक आणि स्पीकर एकाच लाकडी पेटीत बसवलेले असतात. एकेकाळी त्याची उणीव ठरलेली कमी शक्ती पुढे त्याच्या लोकप्रियतेचे एक प्रमुख कारण ठरली.

इतिहास

केंट परगण्यातील डार्टफर्ड येथे टॉम जेनिंग्ज यांची जेनिंग्ज म्युझिकल इंडस्ट्रीज ही कंपनी होती. तेथील डिक डेनी या गिटारवादक अभिकल्पकाने हा विवर्धक तयार केला व १९५८ साली तो 'व्हॉक्स' या नावाने विक्रीस आला. 'द शॅडोज' या वाद्यवृंदाने त्याचा वापर केला. मात्र रॉक अँड रोलच्या कार्यक्रमांतील श्रोत्यांच्या गलक्यापुढे १५ वॅट अपुरे पडू लागले. त्यामुळे लवकरच दुप्पट शक्तीचा एसी३० निघाला. 'द बीटल्स'मुळे तो जगभर पोहोचला आणि मूळ एसी१५ मागे पडला.

रचना

अंतिम टप्प्यात ईएल८४ जातीचे दोन व्हॉल्व्ह असतात. त्या काळी युरोपातील रेडिओ संचांतही हे व्हॉल्व्ह वापरले जात. मूळ रचनेत आरंभीच्या टप्प्यात ईएफ८६ हा पेंटोड होता. त्याने संकेत मोठ्या प्रमाणात वाढतो. परंतु जोराच्या कंपनांनी तो स्वतःच गुणगुणू लागतो. ईझेड८१ हा व्हॉल्व्ह प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करतो. तार जोरात छेडली असता विद्युत दाब क्षणभर खाली येतो, त्यामुळे स्वराचा आघात किंचित मऊ होतो.

नाद

मंद आवाजात या विवर्धकाचा स्वर स्वच्छ व घंटेसारखा किणकिणता असतो. आवाज वाढवत नेल्यास व्हॉल्व्ह आपल्या क्षमतेची मर्यादा गाठतात, ध्वनितरंगांचे माथे हळूहळू चपटे होतात आणि स्वराला खरखरीत भरदारपणा येतो. हा परिणाम वादकांना हवासा वाटतो. अधिक शक्तीच्या विवर्धकात तो साधण्यासाठी आवाज फार मोठा करावा लागतो. एसी१५मध्ये तो तुलनेने लवकर मिळतो.

शक्ती निम्मी म्हणजे आवाजही निम्मा, असा मात्र समज होऊ नये. शक्ती दुप्पट केल्यास आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारणतः दहापट शक्ती लागते. त्यामुळे १५ वॅटचा विवर्धकही घरातील खोलीत बराच मोठा वाजतो.

पुनरुज्जीवन

१९९२ साली 'व्हॉक्स' हे नाव जपानच्या कॉर्ग कंपनीकडे गेले. त्यानंतर एसी१५च्या नव्या आवृत्त्या निघाल्या. एसी१५सी१ या आवृत्तीत एकूण आवाज स्वतंत्रपणे कमी करण्याची सोय आहे. मोठ्या सभागृहांत ध्वनियंत्रणेची जोड मिळू लागल्यावर विवर्धकाने एकट्याने सभागृह भरून टाकण्याची गरज उरली नाही. ध्वनिमुद्रणासाठी व लहान कार्यक्रमांसाठी एसी१५ आजही वापरला जातो.