पक्षी-हिवताप (हवाई बेटे)

प्लास्मोडियम रेलिक्टम या परजीवीमुळे पक्ष्यांना होणारा रक्ताचा रोग. त्याचा प्रसार मुख्यतः क्युलेक्स डासांमार्फत होतो. पक्ष्यांमधील हिवतापाच्या परजीवीचे डासांतील जीवनचक्र रोनाल्ड रॉस यांनी 1898 मध्ये कोलकात्यात उलगडले.

हवाई बेटांवर मुळात डास नव्हते. 1826 च्या सुमारास जहाजांवरील पाण्याच्या पिंपांतून क्युलेक्स क्विंकीफॅसिएटस हा डास माउई बेटावर पोहोचला. भारतात हत्तीरोग पसरवणारा डास तो हाच. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर परजीवीही आला. त्याच्याशी कधीच गाठ न पडल्याने स्थानिक हनीक्रीपर पक्ष्यांत प्रतिकारशक्ती नव्हती. परजीवी तांबड्या पेशी नष्ट करतो. तीव्र रक्तक्षय होऊन पक्षी मरतो. लालभडक ‘इइवी’ पक्ष्याला बाधित डासाचा एक दंशही बहुधा प्राणघातक ठरतो. ‘अमाकिही’च्या सखल भागांतील काही समूहांत मात्र सहनशीलता आली आहे.

सुमारे 13° से. खाली परजीवीची डासात वाढ होत नाही. म्हणून उंचावरील थंड अरण्ये पक्ष्यांचे आश्रयस्थान ठरली. तापमानवाढीमुळे डास तेथेही चढत आहेत. रानडुकरांनी पोखरलेल्या वृक्षनेच्यांच्या खोडांत पाणी साचून त्यांची पैदास होते. हनीक्रीपरच्या पन्नासहून अधिक जातींपैकी आज जेमतेम 17 उरल्या आहेत.

उपाय म्हणून वोल्बाकिया जीवाणूचा वेगळा प्रकार असलेले नर डास 2023 पासून माउईच्या अरण्यात सोडले जातात. त्यांच्याशी समागम झालेल्या रानटी माद्यांची अंडी उबत नाहीत. नर चावत नसल्याने रोग वाढत नाही. उरलेल्या जाती वाचवण्यासाठी हे काम तातडीचे आहे.