अपुरी कथा पुरी करण्याचा अधिकार

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस आमचे चार माजी विद्यार्थी एक जाड हस्तलिखित घेऊन आमच्या नांदेडच्या घरीं आले. दोघे नांदेडचे, दोघे लातूरचे. चौघेही आतां नोकरीधंद्याला लागलेले व संसारांत पडलेले. हस्तलिखित मेजावर ठेवून त्यांपैकीं एकानें विचारलें, “सर, हें पुरें करण्याचा आम्हांला अधिकार होता का? आणि वर नांव कोणाचें घालायचें?”

प्रश्न नीट समजावा म्हणून हस्तलिखित कशाचें होतें तें आधीं सांगितलें पाहिजे. तें एका खेळाचें होतें. हा खेळ आमच्या वयाच्या वाचकांस बहुधा अपरिचित असेल. मेजाभोंवतीं पांचसहा जण बसतात. त्यांपैकीं एक सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी वैद्य होतो, कोणी शिलेदार, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो : रात्र आहे, खंदकांत पाणी आहे, दरवाजावर दोन पहारेकरी आहेत. प्रत्येक खेळाडू आपलें पात्र काय करील तें सांगतो, आणि तें साधलें कीं फसलें हें फांशांवर ठरतें. सारीपाटाप्रमाणें येथें शेवटचें घर नाहीं, आणि बुद्धिबळाप्रमाणें मातही नाहीं. एक कथानक पुढें चालत राहतें. त्यास खेळाडू ‘मोहीम’ म्हणतात, आणि अशी मोहीम वर्षानुवर्षें चालूं शकते.

या मंडळींची मोहीम २०१२ सालीं सुरू झाली. सूत्रधार त्यांचाच एक वर्गबंधु होता. विकत मिळणाऱ्या पुस्तकांतील परदेशी राज्यें बाजूस ठेवून त्यानें बालाघाटच्या पठारावर स्वतःचें एक राज्य कल्पिलें. त्यांतील पाण्यानें वेढलेला भुईकोट कंधारचा कीं औशाचा, यावर नांदेडकर व लातूरकर यांच्यांत वाद होई. दोघांसही सोयीचें म्हणून महिन्यांतून एका रविवारीं बैठक अहमदपुरास भरे. अशीं नऊ वर्षें गेलीं. २०२१ च्या उन्हाळ्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेंत सूत्रधार गेला. त्याच्या आईनें त्याच्या तीन वह्या या चौघांच्या हवालीं केल्या. तिसरी वही निम्मी कोरी होती.

पुढें तीन वर्षें चौघांनीं ती मोहीम पुरी करण्याचें काम केलें. एकानें नकाशे काढले, एकानें जुन्या बैठकींची टिपणें जुळविलीं, दोघांनीं उरलेले प्रसंग लिहिले. उदगीरच्या एका नव्या चमूला बसवून ते प्रसंग खेळून पाहिले आणि जेथें अडलें तेथें पुन्हां लिहिले. यांत कोणास एक पैसाही मिळाला नाहीं, मिळणारही नव्हता. हें पुस्तक इतर खेळाडूंस फुकट वाटावयाचें, एवढाच त्यांचा संकल्प होता.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. फांशांचें आम्हांस ज्ञान नाहीं. तरी त्यांचा प्रश्न आम्हांस नवा वाटला नाहीं.

प्रथम या खेळाचें कूळ पाहूं. १८१२ सालीं प्रशियाच्या राजापुढें राइस्विट्स नांवाच्या एका गृहस्थानें मेजावर मांडावयाचा युद्धाचा खेळ ठेविला. त्याच्या मुलानें १८२४ सालीं त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले आणि प्रशियन सैन्यांतील अधिकारी त्यावर डावपेंच शिकूं लागले. दोन्ही पक्षांमध्यें बसून निर्णय देणारा पंच हा त्यांतील महत्त्वाचा माणूस. आजच्या सूत्रधाराचा तो पूर्वज होय. १९१३ सालीं एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें खेळण्यांतील शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारें एक पुस्तक लिहिलें. पुढें अमेरिकेंत मिनेसोटा प्रांतीं डेव्ह आर्नेसन यानें १९७१ च्या सुमारास पलटणींच्या ऐवजीं एकेका खेळाडूस एकेक पात्र दिलें, आणि गॅरी गायगॅक्स याच्या सहकार्यानें १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें त्या खेळाचे नियम छापून निघाले. पहिली आवृत्ति अवघी हजार प्रतींची होती. ‘मोहीम’ हा शब्द या खेळांत आला तो लष्करी खेळांतूनच.

हे फांसे परके आहेत असें मात्र कोणी समजूं नये. एकोणिसाव्या शतकांत आमच्याच मराठवाड्यांतील औरंगाबादच्या पंडित हरिकृष्ण यांनीं ‘क्रीडाकौशल्य’ या ग्रंथांत पटावरच्या खेळांचें सविस्तर वर्णन केलें आहे. नवें आहे तें एवढेंच कीं, पटावरचा डाव सोंगट्या घरीं पोंचल्या म्हणजे आपोआप संपतो. मोहीम मात्र माणसांनीं संपविल्याशिवाय संपत नाहीं. म्हणूनच ती अपुरी राहूं शकते.

कायद्याचा प्रश्न सोपा आहे. २००० सालीं त्या खेळाच्या मालक कंपनीनें नियमांचा गाभा सर्वांस वापरावयास मोकळा केला. २०२३ च्या आरंभीं ही मुभा आवळण्याचा बेत कळतांच जगभरच्या खेळाडूंनीं अशी हरकत घेतली कीं, कंपनीस माघार घ्यावी लागली. तेव्हां नवी मोहीम रचण्यास कोणाची आडकाठी नाहीं. परंतु विद्यार्थ्यांनीं विचारलें होतें तें कंपनीविषयीं नव्हे, मेलेल्या मित्राविषयीं. त्याचें उत्तर आम्हांस आमच्या वाङ्मयांत शोधावें लागलें.

नांदेडच्या घाटाखालून वाहणारी गोदावरी पैठणावरून येते. त्या पैठणास एकनाथांनीं आयुष्याच्या उत्तरकाळीं भावार्थरामायण रचावयास घेतलें. १५९९ सालीं त्यांनीं देह ठेविला तेव्हां ग्रंथ युद्धकांडांत थांबला होता. चव्वेचाळीस अध्याय नाथांचे आणि पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याचा, असें परंपरा सांगते. गावबा हा विद्वान् म्हणून प्रसिद्ध नव्हता. पुरणपोळीच्या आवडीनें नाथांच्या घरीं येऊन राहिलेला हा मुलगा, अशी त्याची गोष्ट मराठवाड्यांत घरोघर सांगतात. ग्रंथ पुरा करण्याचें काम नाथांनीं त्याच्याकडे सोंपविलें तेव्हां जवळच्या मंडळींस आश्चर्य वाटलें. तरी काम झालें, आणि असें झालें कीं श्रोत्यास सांधा लागूं नये.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. याच एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. जवळजवळ तीनशें वर्षांत तींत पुष्कळ पाठभेद शिरले होते. ते काढून टाकल्यावर नाथांनीं शेवटीं बजावून ठेविलें आहे कीं, या ग्रंथांत स्वतःची ओवी मिसळणें म्हणजे अमृताच्या ताटांत नारळाची रिकामी करवंटी ठेवण्यासारखें आहे. जो पुरुष दुसऱ्याच्या ग्रंथांत एक ओवीही घालूं देत नाहीं, तोच आपल्या ग्रंथांत अध्यायच्या अध्याय घालावयास शिष्यास सांगतो, हें कसें? आमच्या मतें यांत विसंगति नाहीं. ज्ञानेश्वरी पुरी झालेली आहे. तिच्यांत भर घालणें हा अहंकार. रामायण अर्ध्यावर आहे. रावण अद्याप जिवंत आहे, सीता लंकेंत आहे. तें तसेंच सोडणें हा श्रोत्यांशीं अन्याय. पुऱ्या झालेल्याचें रक्षण करावें आणि अपुरें राहिलेलें पुढें न्यावें, असे हे दोन निराळे धर्म होत.

पण गावबाच्या उदाहरणानें आमच्या विद्यार्थ्यांचें समाधान झालें नसतें. गावबा एकटा होता, आणि त्याला गुरूची आज्ञा होती. हे चौघे होते आणि आज्ञा कोणाचीच नव्हती. त्यांच्या स्थितीशीं अधिक जुळणारें उदाहरण त्याहून तीनशें वर्षें मागें सांपडतें.

नांदेड जिल्ह्यांतील माहूर हें महानुभाव पंथाच्या परम आदराचें स्थान. या पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनीं स्वतः ग्रंथ लिहिला नाहीं. ते बोलले, हिंडले, माणसांत वावरले. त्यांच्या वियोगानंतर तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणांत सराळ्याचे म्हाइंभट यांनीं त्यांच्या आठवणी जमविण्याचें काम अंगावर घेतलें. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपुरास नागदेवाचार्यांजवळ बसून, आणि ज्यांनीं जें पाहिलें तें त्यांच्याच तोंडून ऐकून, त्यांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें. ‘लीळा’ म्हणजे खेळच. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ एका माणसाच्या हातचा असला तरी अनेकांच्या स्मरणाचा आहे.

पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभीं, खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत, मूळ पोथी नाहींशी झाली. जवळच्या अनुयायांनीं ती आठवून पुन्हां उभी केली. हिराइसा नांवाच्या स्त्रीस पुष्कळ मुखोद्गत होतें. तिच्या नांवाचा पाठ पंथांत प्रसिद्ध आहे. दुसऱ्यांस दुसरें आठवत होतें. तेव्हां या मंडळींनीं काय केलें? बहुमतानें एक पाठ ठरवून बाकीचे जाळले नाहींत. अमुकाच्या आठवणींत असें आहे आणि तमुकाच्या आठवणींत तसें आहे, अशी नोंद त्यांनीं ग्रंथांतच ठेविली. या निराळ्या आठवणींस पंथांत ‘वासना’ म्हणतात. सातशें वर्षांनीं डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारखे संपादक लीळाचरित्राची संहिता सिद्ध करावयास बसले—त्यांची आवृत्ति १९७८ सालीं निघाली—तेव्हां या पाठभेदांच्या आधारानेंच त्यांना वाट काढतां आली. ज्यांनीं आपला मतभेद लपविला नाहीं, त्यांनींच मूळ माणूस अधिक राखिला.

आम्हीं हस्तलिखित वाचलें होतें, म्हणून आम्हीं विचारलें, “त्या किल्लेदाराचें काय झालें?” चौघे एकमेकांकडे पाहूं लागले. कथेंत एक किल्लेदार रात्रीं शत्रूस दरवाजा उघडतो. सूत्रधाराच्या वहींत कारण दिलेलें नाहीं. तिघांस आठवत होतें कीं ती फितुरी होती. चौथ्यास आठवत होतें कीं, खंदकापलीकडे थंडीनें गारठलेलीं मुलें पाहून त्याला दया आली, असें सूत्रधार एकदां अहमदपूरच्या एस. टी. स्थानकावर बोलला होता. मत घेण्यांत आलें, फितुरी ठरली, आणि चौथ्याची आठवण कागदावरून गेली.

“ती परत घाला,” आम्ही म्हणालों.

त्यांपैकीं एकानें हरकत घेतली, आणि ती क्षुल्लक नव्हती. “सर, खेळतांना मध्येंच असे दोन पाठ आले, कोणतें वाक्य कोणाचें हें दिसूं लागलें, तर गोष्टीचा भर ओसरतो. खेळणाऱ्याला किल्ला दिसला पाहिजे, आम्ही नव्हे.” गावबाही हेंच म्हणाला असता. कीर्तनांत बसलेल्या श्रोत्यास, येथें नाथ संपले, असें सांगून थांबवावयाचें नसतें. आम्हीं त्यांस एवढेंच सांगितलें कीं, गावबानें ओव्यांत सांधा दिसूं दिला नाहीं, तरी तो कोठें आहे हें पैठणच्या लोकांनीं विसरूं दिलें नाहीं. नाहीं तर आज तुम्हांस त्याचें नांवही ठाऊक नसतें. तुमच्या मित्राचें पैठण म्हणजे तुम्हीच चौघे. तुम्ही लिहिलें नाहीं तर पुढें कोणी लिहिणार नाहीं, आणि त्याच्या तोंडीं तुमचे शब्द कायमचे बसतील.

अधिकाराविषयीं आमचें मत असें. अपुरें काम पुरें करण्याचा अधिकार वारशानें मिळत नाहीं, आणि पैशानें तर नाहींच; जवळ बसून ऐकल्यानें मिळतो. नऊ वर्षें जे दरमहा एका मेजाभोंवतीं बसले त्यांच्याहून जवळचे या कथेस कोण होते? परंतु त्या अधिकाराबरोबर एक ऋण येतें. आपला हात कोठून लागला तें सांगणें, आणि जेथें आठवणी जुळल्या नाहींत तेथें दोन्ही ठेवणें, हें तें ऋण होय. मृताविषयींची निष्ठा त्याच्या आवाजाची नक्कल करण्यांत नाहीं. त्याचा आवाज कोठें थांबला हें खरेंपणानें दाखविण्यांत आहे.

दिवाळीनंतर पुस्तक तयार झालें. पहिली प्रत घेऊन ते सूत्रधाराच्या आईकडे गेले, दुसरी आमच्याकडे आली. वर नांव एकट्या सूत्रधाराचें आहे. आंतल्या पानावर चौघांचीं. तिसऱ्या वहीचा शेवट जेथें होतो तेथें समासांत एक बारीक रेघ आहे. खेळतांना ती डोळ्यांस खुपत नाहीं, शोधणाऱ्यास सांपडते. किल्लेदाराच्या प्रसंगाखालीं दोन्ही कारणें दिलीं आहेत, आणि कोणतें घ्यावें तें प्रत्येक चमूच्या सूत्रधारानें ठरवावें, असें लिहिलें आहे.

उदगीरच्या चमूनें, आम्हांस कळलें, दया घेतली.