निर्बंध, विक्रेता आणि ग्राहकाची भाषा

तेहरानमधील अमेरिकी वकिलातीतील कर्मचाऱ्यांना नोव्हेंबर १९७९ मध्ये ओलीस धरल्यानंतर अमेरिकेने इराणवर आर्थिक निर्बंध, म्हणजे व्यापार व पैशाच्या देवघेवीवरील सरकारी बंधने, लादले, आणि १९९५ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशांनी ते जवळजवळ संपूर्ण व्यापारापर्यंत पोहोचले. माल इराणला जाणार हे ठाऊक असताना तो विकणे बेकायदेशीर होते, इराणी वंशाच्या अमेरिकी नागरिकाला विकणे मुळीच नव्हे. तरीही जून २०१२ मध्ये जॉर्जिया राज्यातील अल्फारेटा येथे ॲपलच्या दुकानात फारसी बोलणाऱ्या तरुण ग्राहकाला विक्री नाकारल्याची तक्रार पुढे आली. कायद्याची अंमलबजावणी अशी विक्रेत्याच्या कानावर सोपवली जावी, हे लाजिरवाणेच होते.

अशा नकाराविरुद्ध दाद मागणे सोपे नाही: अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील सार्वजनिक सेवांविषयीच्या तरतुदीत हॉटेले, उपाहारगृहे, चित्रपटगृहे येतात, सामान्य किरकोळ दुकाने येत नाहीत. म्हणून केंद्रीय कायद्यात आधार उरतो तो अमेरिकी यादवी युद्धानंतरच्या १८६६ च्या कायद्याचा, ज्याने करार करण्याचा (आणि खरेदी हाही करारच) समान हक्क दिला व ज्याचे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अरब वंशीयांनाही लागू केले. मूळ निर्बंधांबाबत मात्र मे २०१३ मध्ये अमेरिकी अर्थखात्याने सर्वसाधारण परवाना, म्हणजे स्वतंत्र अर्जाविना मिळणारी मुभा, देऊन व्यक्तिगत वापराचे फोन व संगणक इराणला पाठवण्यास परवानगी दिली.