फिरत्या रुळांवरचे सॉसेज : हॉट डॉग रोलर ग्रिलचा इतिहास आणि घरगुती वापर

अमेरिकेतील पेट्रोल पंपांलगतची दुकाने, चित्रपटगृहे आणि बेसबॉलची मैदाने येथे नेहमी दिसणारे हॉट डॉग रोलर ग्रिल गेल्या काही दशकांत लहान आकारात घरगुती स्वयंपाकघरातही येऊन पोहोचले आहे. एकमेकींलगत आडव्या बसवलेल्या, आतून तापणाऱ्या आणि संथ गतीने सतत फिरणाऱ्या धातूच्या नळ्या, म्हणजेच रूळ, आणि त्यांच्या मधल्या खाचांत गरगरत भाजली जाणारी सॉसेजे, एवढेच या यंत्राचे स्वरूप आहे. मात्र सॉसेज हा पदार्थ त्याआधीच सरळ, एकसारख्या जाडीचा आणि कारखान्यातच शिजलेला झाला नसता, तर असे यंत्र कोणाला सुचले असते तरी ते चालले नसते. आणि घरासाठी ते निवडताना जे प्रश्न पडतात, त्यांतील बहुतेकांची उत्तरे या घडणीच्या इतिहासातच सापडतात.

हॉट डॉगचे मूळ मध्य युरोपातील जर्मन भाषक शहरांत आहे. फ्रँकफर्टमध्ये तयार होणारे डुकराच्या मांसाचे बारीक, धुरावलेले सॉसेज त्या शहराच्या नावाने ओळखले जाई. तेथे शिकलेला योहान गेऑर्ग लाहनर हा खाटीक पुढे व्हिएन्नात स्थायिक झाला आणि १८०५ च्या सुमारास त्याने डुकराचे व गोमांस एकत्र करून सॉसेज विकायला आरंभ केला, असे तेथील परंपरा मानते. ही सॉसेजे जनावराच्या स्वच्छ केलेल्या आतड्यात भरली जात. त्यामुळे ती किंचित वाकडी असत, त्यांची जाडी जागोजागी बदलत असे आणि दात लावताच वरचे आवरण तटकन तुटे. जाणकार खवय्ये आजही त्या तटकन तुटण्यालाच खरा स्वाद मानतात.

एकोणिसाव्या शतकात लाखो जर्मन स्थलांतरित अमेरिकेत गेले आणि त्यांच्याबरोबर ही सॉसेजेही गेली. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर चार्ल्स फेल्टमन या जर्मन स्थलांतरिताने १८६७ च्या सुमारास हातगाडीवर कोळशाची शेगडी बसवून घेतली आणि गरम सॉसेज लांबट पावात घालून विकायला सुरुवात केली. ताटली, काटा आणि सुरी यांची गरज न उरल्यामुळे किनाऱ्यावर हिंडणाऱ्या माणसाला ते चालता चालता खाता येई. फेल्टमनचा व्यवसाय पुढे भव्य उपाहारगृहापर्यंत वाढला. तेथे पाव कापण्याचे काम करणाऱ्या नेथन हँडवर्कर या पोलंडमधून आलेल्या ज्यू तरुणाने १९१६ साली त्याच किनाऱ्यावर स्वतःचे छोटे दुकान उघडले आणि फेल्टमनकडे दहा सेंटला मिळणारा हॉट डॉग पाच सेंटला विकायला काढला. १९२० च्या सुमारास शहराची भुयारी रेल्वे कोनी आयलंडपर्यंत आली. तिचे भाडेही पाच सेंटच होते. सुट्टीच्या दिवशी हजारो कामगार कुटुंबे किनाऱ्यावर उतरू लागली आणि हॉट डॉग हे श्रमिकांचे हक्काचे खाणे झाले.

या काळात सॉसेज गरम करण्याच्या तीन मुख्य रीती होत्या आणि प्रत्येकीत काही ना काही उणे होते. हातगाडीवाले ते गरम पाण्यात ठेवत. त्यात श्रम कमी, पण मीठ आणि मसाला हळूहळू पाण्यात उतरे आणि वरची बाजू फिकी, लिबलिबीत होई. कोळशावर भाजलेल्या सॉसेजला उत्तम वास लागे, पण क्षणभर लक्ष चुकले की ते करपे. सपाट तव्यावर खरपूसपणा येई, मात्र सॉसेज गोल असल्यामुळे त्याची एक बारीक रेघच तव्याला टेकते आणि सर्व बाजू सारख्या भाजण्यासाठी कोणीतरी चिमटा घेऊन सतत उभे राहावे लागते. रोलर ग्रिलने पुढे हाच चिमटाधारी माणूस मोकळा केला.

त्याआधी खुद्द सॉसेज बदलणे आवश्यक होते. ‘द जंगल’ ही अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या मांस कारखान्यांवरील कादंबरी १९०६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत मांस तपासणीचा व शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे संमत झाले. बारीक वाटलेल्या मांसात नेमके काय आहे हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नसल्याने स्वस्त सॉसेजविषयीचा संशय मात्र टिकून राहिला. हँडवर्करने सुरुवातीच्या दिवसांत पांढरे डगले घातलेल्या माणसांना दुकानासमोर फुकट हॉट डॉग खायला बसवले, म्हणजे डॉक्टरही येथे खातात असे लोकांना वाटावे, अशी कथा सांगितली जाते; ती शब्दशः खरी असो वा नसो, त्या काळातील गिऱ्हाइकाच्या मनातली भीती ती अचूक दाखवते.

निर्णायक वर्ष ठरले ते १९२५. एर्विन फ्रॉइंड यांनी त्या वर्षी शिकागोत व्हिस्किंग नावाची कंपनी स्थापन केली आणि सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंत असणाऱ्या द्रव्यापासून बनवलेली कृत्रिम आवरणे सॉसेज उद्योगाला पुरवायला सुरुवात केली. मांस, बर्फ, मीठ आणि मसाले यांचे अगदी बारीक वाटलेले मिश्रण या सेल्युलोजच्या नळीत भरले जाते, ठरावीक अंतरावर पीळ देऊन त्याचे तुकडे पाडले जातात, धुराच्या भट्टीत ते पूर्ण शिजवले जातात आणि नंतर थंड पाण्याच्या फवाऱ्याखाली निववले जातात. या वेळेपर्यंत मांसातील प्रथिने गोठून सॉसेजला स्वतःचाच घट्ट पृष्ठभाग आलेला असतो. मग यंत्रातील बारीक पाते आवरणाला लांबीच्या दिशेने चीर देते, आवरण ओढून काढले जाते आणि उरते ते सालीशिवायचे, सरळ, टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीचे सॉसेज. त्याच १९२५ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने मांस टिकवण्यासाठी सोडियम नायट्राइटच्या वापराला मान्यता दिली. या क्षारामुळे सॉसेजला गुलाबी रंग येतो आणि बोट्युलिझम या प्राणघातक विषबाधेला कारण होणाऱ्या जंतूला आळा बसतो. आतड्यातील सॉसेजचा रसिक या बदलावर हळहळेल आणि त्याचे म्हणणे रास्तही आहे. पण स्वस्त, तपासता येण्याजोगे आणि सर्वत्र सारखे मिळणारे सॉसेज घडले ते यामुळेच. १९३९ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ यांना हाइड पार्क येथील वनभोजनात हॉट डॉग खाऊ घातले, तोवर या पदार्थाला राष्ट्रीय खाण्याची मान्यता मिळून गेली होती.

कॅल्व्हिन डॉड मॅक्रॅकन (१९१९–१९९९) हे अमेरिकी अभियंते रोलर ग्रिलचे जनक मानले जातात. त्यांच्या नावावर सुमारे ऐंशी पेटंटे जमा झाली आणि घर तापवण्याच्या भट्ट्यांपासून रात्री बर्फ साठवून दिवसा इमारत थंड ठेवण्याच्या पद्धतीपर्यंत त्यांचे बहुतेक काम उष्णता हवी तेथे, हवी तेवढीच पोहोचवण्याविषयीचे होते. ‘रोल-ए-ग्रिल’ या नावाने विकले गेलेले त्यांचे हॉट डॉगचे यंत्र त्याच विचाराचे फळ आहे. प्रत्येक पोकळ नळीच्या मधोमध तापणारी विजेची कांडी स्थिर असते आणि नळी तिच्याभोवती फिरते. नळ्यांच्या एका टोकाला दातेरी चाके असून ती साखळीने एका लहान मोटरला जोडलेली असतात. ऊस पिळण्याच्या चरकात शेजारचे दोन रूळ परस्परविरुद्ध फिरतात आणि म्हणून ऊस त्यांच्या मध्ये ओढला जातो. रोलर ग्रिलमध्ये सर्व रूळ एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे दोन रुळांवर टेकलेले सॉसेज आत ओढले न जाता जागच्या जागी उलट दिशेने फिरत राहते. सुटलेली चरबी नळ्यांमधून खालच्या ट्रेमध्ये गळते. वाकडे सॉसेज अशा खाचेत अडखळते, कमी-जास्त जाडीचे सॉसेज एका टोकाला करपते आणि दुसऱ्या टोकाला थंड राहते. सरळ आणि सालीशिवायचे सॉसेज मात्र सर्व बाजूंनी सारखा तांबूस रंग धरते.

चोवीस तास उघडी राहणारी लहान दुकाने अमेरिकेत वाढली, तसे हे यंत्र त्यांच्या गल्ल्याजवळ स्थिरावले, कारण एकच नोकर सारे दुकान सांभाळत असतानाही भाजलेले गरम खाणे सतत तयार राही. दुकानातील यंत्राला खरे तर तीन कामे असतात : सॉसेज गरम करणे, ते तासन्‌तास गरम ठेवणे आणि गिऱ्हाइकाच्या नजरेस पाडणे. यांतील शेवटची दोन कामे घरात जवळजवळ नसतातच. घरासाठी यंत्र घेणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवला नाही, तर तो न लागणाऱ्या गोष्टींवर पैसे घालवतो.

हॉट डॉगचे खास विजेचे उपकरण घरात येण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९७० च्या दशकातील अमेरिकी घरांत ‘हॉट डॉगर’ नावाचे उपकरण लोकप्रिय होते. त्यात सॉसेजची दोन्ही टोके धातूच्या टोकदार खिळ्यांत खुपसली जात आणि झाकण लावल्यावर वीज थेट सॉसेजमधूनच वाहत असे. सॉसेजमधील मीठ आणि पाणी विजेला वाट देते आणि त्यामुळे ते मिनिटाभरात आतून तापते. वेग विलक्षण होता, पण सॉसेजला खरपूसपणाचा स्पर्शही होत नसे. घरगुती रोलर ग्रिल वेगाच्या बाबतीत या उपकरणापुढे फार मंद आहे. फ्रिजमधून काढलेले सॉसेज त्यावर नीट तयार व्हायला साधारणपणे वीस ते तीस मिनिटे लागतात. त्याचा मोबदला रंगात आणि वासात मिळतो.

यंत्राचा आकार रुळांच्या संख्येवरून सांगितला जातो. सॉसेज दोन रुळांच्या मधल्या खाचेत बसत असल्याने खाचा नेहमी रुळांपेक्षा एकने कमी असतात; रुळाच्या लांबीत तीन सॉसेजे मावत असतील, तर पाच रुळांवर १२, सात रुळांवर १८ आणि अकरा रुळांवर ३० सॉसेजे बसतात. चार ते सहा माणसांच्या घराला पाच रूळ भरपूर होतात. पुढच्या आणि मागच्या रुळांना वेगवेगळे तापमान देण्याची सोय दुकानाला आवश्यक असली, तरी घरात ती क्वचितच उपयोगी पडते. उलट तळाचा ट्रे सहज सरकून बाहेर येतो का, नळ्यांच्या टोकांशी चरबी आत शिरणार नाही असे बूच आहे का, आणि मोटर बंद न करता केवळ उष्णता कमी करता येते का, या तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. साध्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या टिकाऊ असतात. न चिकटणारा लेप असलेल्या नळ्या पुसायला सोप्या, पण धातूच्या चिमट्याने ओरखडे पडून लवकर खराब होतात. अमेरिकेतून भारतात यंत्र आणणाऱ्या कुटुंबांनी विजेच्या दाबाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण १२० व्होल्टसाठी बनवलेली तापणारी कांडी २३० व्होल्टला जोडली तर ती सुमारे साडेतीन पटींहून अधिक उष्णता निर्माण करू पाहते आणि जळून जाते.

कोणते सॉसेज रुळांवर चालेल, याचा निर्णय वरील इतिहासच करतो. भारतातील शहरांत गोठवलेली मिळणारी, आधी शिजवलेली चिकन सॉसेजे पूर्ण वितळल्यावर चांगली भाजली जातात. चरबी अगदी कमी असलेली शाकाहारी सॉसेजे नळ्यांना चिकटतात, म्हणून त्यांना तेलाचा पुसट हात लावावा लागतो. गोव्याचे चोरीस मात्र या यंत्रावर ठेवू नये. मिरची, व्हिनेगर आणि मीठ लावून मुरवलेले, माळेसारखे गाठी मारलेले ते कच्चे सॉसेज आहे. त्याची चव कांद्याबरोबर मंद आचेवर स्वतःच्याच चरबीत शिजण्यात आहे आणि पावाशी त्याचे जे नाते गोव्यात जुळले ते हॉट डॉगहून स्वतंत्र आहे. इंदूरच्या छप्पन दुकान भागात विकला जाणारा प्रसिद्ध हॉट डॉगही तव्यावरचाच : तेथे गोल पावात सॉसेजऐवजी टिक्की असते.

आधी शिजलेले सॉसेज केवळ कोमट केले तरी चालते, ही समजूत धोक्याची आहे. आवरण काढल्यानंतर आणि वेष्टनात भरण्यापूर्वी शिजलेल्या सॉसेजला पुन्हा जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. लिस्टेरिया हा त्यांतील घातक जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. १९९८–९९ मध्ये अमेरिकेत हॉट डॉग व तत्सम मांसपदार्थांतून पसरलेल्या लिस्टेरियाच्या साथीत सुमारे शंभर लोक आजारी पडले आणि काही दगावले. गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांसाठी सॉसेज ७४ अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे वाफा निघेपर्यंत तापवावे, असा तेथील कृषी खात्याचा सल्ला आहे, तर गरम ठेवायचे अन्न ६० अंशांखाली जाऊ देऊ नये. म्हणून यंत्र आधी दहा-पंधरा मिनिटे तापवावे, सॉसेजे चढ्या आचेवर पूर्ण तयार करावीत आणि मगच उष्णता उतरवावी. पदार्थात खुपसायचा साधा तापमापक या कामी यंत्राच्या बटणावरील आकड्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह असतो. काम संपल्यावर वीज बंद करून, नळ्या हाताला सोसवतील इतक्या कोमट असतानाच त्या ओल्या फडक्याने पुसून घ्याव्यात, कारण गार होऊन घट्ट झालेली चरबी पुढच्या वेळी जळते आणि धूर करते. महिन्यातून दोन-चारदा पाहुण्यांचा राबता असलेल्या घरात पाच रुळांचे यंत्र आपली जागा वसूल करते. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी हॉट डॉग करणाऱ्याने ते घेऊ नये, त्याला जाड बुडाचा तवा आणि चिमटा पुरेसा आहे.