क्लब कंपनीचा की पेठेचा?

आज थोडं फुटबॉलबद्दल. मेस्सी-रोनाल्डोबद्दल नाही. ज्यांचे सामने टीव्हीवर लागत नाहीत, बघायला दोनशे माणसं आली तरी खूप झाली म्हणायचं, अशा खालच्या फळीतल्या संघांबद्दल. विषय खेळाचा वाटेल, पण शेवटी तो आपल्या शहराचाच आहे.

भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडा. उतरल्यावर ओव्हल मैदानाच्या कडेनं चालत गेलात की कूपरेज लागतं. मुंबईच्या फुटबॉलचं हे जुनं घर. रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला, पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंट. म्हणजे सुरुवात गोऱ्या पलटणींची. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीत पोचला आणि एका गोऱ्या पलटणीकडूनच हरला. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा हा चषक नेला. आज रोव्हर्स चषक बंद आहे. २०००-०१ नंतर तो झालाच नाही.

परतीच्या वाटेवर वांद्र्याला उतरा. तिथल्या एका फुटबॉल मैदानाला नेव्हिल डिसूझा यांचं नाव आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. भारत त्या वर्षी चौथा आला. त्या मैदानावर रोज खेळणाऱ्या पोरांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

आता मुद्द्यावर येतो. मुंबईच्या जुन्या संघांची नावं वाचा : टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया, आरसीएफ, ओएनजीसी, रेल्वे, बँका. यात गिरगाव नाही, माझगाव नाही, परळ नाही. सगळी नावं आस्थापनांची. संघ कंपनीचा, खेळाडू कंपनीच्या पगारावर.

याला सरसकट नावं ठेवू नका. चाळीतल्या पोराला पायातल्या कसबावर कायमची नोकरी लागायची. सकाळी सराव, दुपारी ऑफिस, निवृत्तीनंतर पेन्शन. पुढं कुठल्याही लीगनं इतकी शाश्वती दिली नाही. पण या व्यवस्थेत एक मेख होती. हिशेबाच्या वहीत संघ खर्चाच्या रकान्यात असायचा, आणि अडचण आली की कात्री आधी त्याच रकान्याला लागते.

महिंद्राचा संघ १९६२ चा. २००५-०६ मध्ये हाच संघ नॅशनल फुटबॉल लीग जिंकला, म्हणजे देशाचा विजेता. आणि २०१० मध्ये बंद. कंपनी म्हणाली, आता शालेय फुटबॉलकडे लक्ष देणार. निर्णय कंपनीचा, हक्कही तिचाच. पण जो माणूस वर्षानुवर्षं कूपरेजवर जाऊन घसा कोरडा करत होता, त्याला विचारायची गरज कुणाला वाटली नाही. विचारायचं तरी कुठल्या नात्यानं? तो कंपनीचा भागधारकही नव्हता.

२०१३ मध्ये परवान्याच्या अटी पूर्ण न केल्यानं एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगमधून बाहेर गेले. मग मुंबई एफसी. २००७ मध्ये स्थापन झालेला हा संघ. नावात शहर होतं, पण मालकी एका उद्योगसमूहाची. २०१७ मध्ये तो खालच्या श्रेणीत घसरला आणि गाशा गुंडाळला. पुण्यातही तेच. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एकामागून एक गेले.

आता थायलंडकडे पाहू. आपल्याकडून माणसं बँकॉक-पटायाला जातात ती दुसऱ्याच कारणांसाठी. पण जगात असेही फुटबॉलवेडे आहेत, जे तिथं फक्त दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीची मैदानं बघत प्रांतोप्रांती हिंडतात. बघण्यासारखं असतं, कारण तिथल्या बऱ्याच प्रांतांना आपल्या नावाचा संघ आहे.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. तिथंही बँकॉकच्या बँका, पोलीस, वायुदल, बंदर यांचेच संघ. थाई फार्मर्स बँकेचा संघ तर १९९४ आणि १९९५ असा लागोपाठ दोनदा आशियाचा क्लब विजेता. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर, २००० मध्ये, तोही बंद पडला. आपल्या महिंद्राचीच गोष्ट, भाषा तेवढी वेगळी.

पुढं वारं फिरलं. २००७ मध्ये चोनबुरी हा प्रांताचा संघ लीग जिंकला. २००८ चा विजेता होता वीज प्राधिकरणाचा संघ. तो नेविन चिदचोब या राजकारण्यानं घेतला आणि ईशान्येकडच्या बुरीराम या मागास प्रांतात नेला. २०११ मध्ये तिथं ३२ हजारांवर प्रेक्षक बसतील असं स्टेडियम उभं राहिलं. म्हणजे तिथं सगळं लोकांनी वर्गणी काढून केलं असं अजिबात नाही. पुढारी होता, पैसा होता. पण संघाला गावाचं नाव मिळालं आणि गावानं तो आपला मानला.

यासाठी थायलंडलाच जायला हवं असंही नाही. कोल्हापूरला जा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. पेठांचे, तालमींचे संघ. लाल मातीतल्या कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलही आपलासा केला. मोसमात शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेत दुसरा विषय नसतो. अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला, तो याच मातीतला.

तिथं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. पेठेची ईर्षा कधी हाणामारीवर जाते, हुल्लडबाजीनं सामने थांबतात, पोलिसांना काठी काढावी लागते. पण आजवर कुठल्या संचालक मंडळानं ठराव करून पाटाकडील बंद केलं नाही. करणार कसं? ती पेठेची आहे. एक पिढी थकली की दुसरी खांदा देते.

आता आपलं बघा. मीरा-भाईंदर १९८५ ला नगरपरिषद, २००२ ला महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या. कागदावर ठाणे जिल्हा, रोजची धाव चर्चगेटकडे. कुणालाही विचारा "गाव कुठलं?", तर उत्तर येतं रत्नागिरी, सातारा, जौनपूर, पाली. इथं जन्मलेल्या पोरानं काय सांगायचं? मीठागरं बुजवून इमारती झाल्या, पण छातीवर मिरवावं असं या शहराचं नाव घेणारा, सगळ्यांना माहीत असलेला एक संघ नाही.

आणि मैदान? निवडणूक आली की मैदानाचं आश्वासन येतं. मैदान मिळालं की त्यावर सभा, महोत्सव, लग्न. मैदान नुसतं राखीव ठेवून वाचत नाही. दर रविवारी चार वाजता तिथं आपला संघ खेळणार हे सगळ्या गावाला माहीत असलं, तर त्यावर मांडव टाकायला कुणाची हिंमत होत नाही.

आपल्याकडं पेठा नाहीत म्हणता? राई, मुर्धा, मोर्वा, नवघर, खारी, काशी, घोडबंदर, पेणकरपाडा, डोंगरी, उत्तन ही काय आहेत मग? टेनिस क्रिकेटला गावाच्या नावाचं टी-शर्ट घालून उतरतातच ना पोरं? त्यात शांतीनगर, सृष्टी अशा वसाहतींचे संघ जोडा. झाली की दहा-बारा संघांची लीग. याला ना परदेशी प्रशिक्षक लागतो, ना उद्योगपती. लागतं एक मैदान, ठरलेलं वेळापत्रक आणि दर रविवारी काठावर उभी राहणारी पन्नास माणसं.

प्रायोजक जरूर घ्या, टी-शर्टवर त्याचं नाव छापा. फक्त संघाचं नाव गावाचंच ठेवा. उद्या प्रायोजक निघून गेला तरी ते मागं राहील.