‘तिक्वा’ म्हणजे दोर? एका शब्दाचा माग काढताना

संशोधनाचा विषय शोधताना बहुतेकांच्या हाती आधी एखादा गोड शब्द लागतो. माझ्या हाती ‘आशा’ लागला. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आरोग्यकार्याचा इतिहास मला करायचा होता आणि आराखड्याच्या पहिल्याच पानावर मी ऐटीत लिहिलं होतं: हिब्रूत आशेला ‘तिक्वा’ म्हणतात, तिक्वा म्हणजे दोर, म्हणून आशा म्हणजे संकटात धरायचा दोर. मार्गदर्शकांनी त्यातल्या ‘म्हणून’भोवती लाल गोल काढला आणि कागद परत दिला.

समग्र आरोग्याच्या शिबिरांत हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्यातली माहिती खोटी नाही. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोची राहाब खिडकीला लाल दोर बांधते, तिथे ‘तिक्वा’ हाच शब्द आहे (2:18). पण शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. जेम्स बार या अभ्यासकाने 1961 मध्ये ‘द सिमँटिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज’ या ग्रंथात नेमकी हीच खोड पकडली. आपलंच बघा ना. कुश गवत हात न कापता खुडणारा तो ‘कुशल’, अशी जुनी व्युत्पत्ती सांगतात. पण कुशल कारागीर म्हणताना कोणाच्या डोळ्यांसमोर गवत येतं?

मग दोराचा अर्थ सोडूनच द्यायचा का? तसंही नाही. ईयोबाच्या पुस्तकात (7:6) तो म्हणतो की त्याचे दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने पळताहेत आणि तिक्वाविना संपताहेत. धोट्यातला दोरा संपला, आशाही संपली. इथे श्लेष मूळ लेखकाचाच आहे, कारण धोटा त्याच वाक्यात आहे. पुरावा शब्दकोशात शोधायचा नाही, वाक्यात शोधायचा. मला हे कळायला सहा महिने लागले, तुम्हाला लागू नयेत.

आता या दृष्टीने यिर्मयाचं पत्र वाचा. त्याच्या 29व्या अध्यायातलं अकरावं वचन आज मगांवर आणि भिंतीवरच्या पाट्यांवर छापलेलं दिसतं: देवाकडे तुमच्यासाठी चांगला भविष्यकाळ आणि तिक्वा आहे. पण हे पत्र कोणाला आहे? इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेममधून बाबेलला नेलेल्या लोकांना. लवकर परत जाल असं सांगणारे संदेष्टे त्यांच्यात होते. यिर्मया म्हणतो, घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा. आणि सत्तर वर्षांची मुदत घालतो. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती! पाटीवर ही सत्तर वर्षं येत नाहीत.

त्याच पत्रात ‘शालोम’ हा शब्दही आहे. आपण त्याला शांती म्हणतो, पण ‘क्षेमकुशल’ जास्त जवळचं, कारण त्यात धडधाकटपणा, पोटपाणी, शेजारपाजार सगळं येतं. ज्या परक्या नगरात तुम्हाला आणलंय त्याचं शालोम बघा, त्याच्या शालोममध्ये तुमचं शालोम आहे, असं यिर्मया बजावतो. समग्र आरोग्याची कल्पना याहून वेगळी काय आहे? फरक इतकाच की आजच्या शिबिरात आशा ही एकट्याच्या मनाची अवस्था असते, आणि पत्रात ती बाग, मुदत आणि नगर यांना बांधलेली आहे.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे ‘आशा सुटेना अन् देव भेटेना’. म्हणजे इथे आशा हा लोभ, पायातली बेडी. बायबलच्या मराठी भाषांतरात तोच ‘आशा’ शब्द येतो तेव्हा वाचणाऱ्याच्या कानात हा जुना अर्थही वाजत असणार.

आता वरोऱ्याला या. बाबा आमटे आणि साधनाताईंनी 1951 मध्ये सहा कुष्ठरोग्यांसह तिथल्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू केलं. डॅप्सोनसारखी औषधं तेव्हा आली होती, जंतू मरत होते. पण घरच्यांनी टाकलेल्या माणसाने बरं होऊन जायचं कुठे? आनंदवनाने विहीर खोदली, शेती केली. सुरुवातीला वरोऱ्याचे लोक त्यांचं दूध-भाजी घ्यायला कचरत. ती भाजी जोवर बाजारात खपत नव्हती तोवर रोगी औषधाने बरा झाला तरी त्याचं क्षेमकुशल अपुरंच होतं. त्याची आशा त्याच्या मनापेक्षा गिऱ्हाइकाच्या हातात जास्त होती.

सावध राहा, मी प्रभाव म्हणत नाही. यिर्मया वाचून आनंदवन उभं राहिलं असं दाखवणारा कागद मी पुढे केलेला नाही, ही फक्त तुलना आहे. तोंडी परीक्षेत या दोन्हींतला फरक हमखास विचारतात.

शिवाय हाच धर्मग्रंथ रोग्याला छावणीबाहेरही काढतो. लेवीयच्या 13व्या अध्यायातला ‘त्साराअत’ शतकानुशतकं कुष्ठरोग म्हणून भाषांतरित झाला. पण तो कपड्यांवर पडतो, पुढच्या अध्यायात घराच्या भिंतींवरही. म्हणजे आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो तो हा नव्हे. एका चुकीच्या भाषांतराने कलंकाला किती बळ दिलं हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे, कोणीतरी घ्याच.

गडचिरोलीत तर आशा चालत घरी येते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने इथल्या 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेसाठी घेतलेल्या 47 गावांच्या मानाने नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटले होते. पुढे ही पद्धत देशभर गेली आणि ते काम ‘आशा’ कार्यकर्तीकडे आलं. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातल्या एका लांबलचक इंग्रजी पदाची ही आद्याक्षरं. मुद्दाम जुळवलेली, त्यामुळे इथेही व्युत्पत्तीवर उड्या मारू नका. वाक्य बघा: ‘आशाताई आल्या का?’ बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायची असते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

माझ्या आराखड्यातून ‘म्हणून’ गेलं. आता पहिल्या पानावर हे सहा दिवस लिहिलेत, आणि पुढचा प्रश्न: ठरलेल्या दिवशी आशाताई पोचल्या नाहीत, तर त्या घरात त्या दिवसाबद्दल काय बोललं जातं?